नागपूर महापालिका: निकालाआधीची चार वर्षं आणि निकालानंतरचे महिने

नागपूर महापालिकेचा निकाल १६ जानेवारी २०२६ ला लागला. त्याआधीचं सभागृह मार्च २०२२ मध्येच संपलं होतं. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. सभागृह आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी लेआउटमधली घरं बुडाली, तेव्हा जाब विचारायला एकही नगरसेवक पदावर नव्हता. ही उणीव फार महागात पडली.

निवडणूक अडली ती ओबीसी आरक्षणावरून. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी चाचणीची अट घातली: आधी आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करायची, तिच्यावरून आरक्षणाचं प्रमाण ठरवायचं आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. त्यातच प्रभागरचना बदलत राहिली. नागपुरात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. २०२२ साठी तीन सदस्यांचे ५२ प्रभाग आणि १५६ जागा ठरल्या, पण सरकार बदललं आणि २०१७ चीच संख्या परत आली: ३८ प्रभाग, १५१ जागा. ३७ प्रभागांत चार नगरसेवक, एकात तीन.

प्रभागातल्या जागांना दिलेली अ, ब, क, ड ही अक्षरं आरक्षण आणि मतदानापुरती. निवडून आल्यावर प्रत्येक नगरसेवक अख्ख्या प्रभागाचा असतो. प्रत्यक्षात चौघे वस्त्या वाटून घेतात आणि हद्दीवरच्या गल्लीतल्या गडरची (सांडपाण्याच्या नालीची) तक्रार कोणाचीच राहत नाही. म्हणून अर्ज झोन कार्यालयात लेखी द्यावा, चौघांनाही प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

महापौराची मुदत अडीच वर्षं. पैशाची गाठ मात्र १६ सदस्यांच्या स्थायी समितीत असते आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, त्यामुळे जानेवारीत निवडून आलेल्यांच्या हाती त्यासाठी जेमतेम महिना उरतो. अर्थसंकल्पाचा मसुदा आयुक्त स्थायी समितीकडे देतात, तिथून तो सभागृहात येतो. रस्त्याचं नवं काम सुचवलं तरी आधी अंदाजपत्रक, मग मंजुरी, निविदा आणि शेवटी कार्यादेश. पावसाळ्याआधी डांबर पडेल, अशी आशा धरू नये. बंद दिवा, तुंबलेली गडर, न उचललेला कचरा ही देखभालीची कामं आहेत, त्यांना थांबायचं कारण नाही.

गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीविना छोटे भूखंड पाडून विकलेल्या, लेआउटमध्ये राहणाऱ्यांनी आधी एक विचारून घ्यावं: आपला लेआउट नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यासकडे) आहे की महापालिकेकडे हस्तांतरित झालाय? अर्ज चुकीच्या दारी गेला की महिने तिथेच जातात.