मिशनहून परतणे : मॉर्मन पंथातील एका रिवाजाची पार्श्वभूमी

मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटर-डे सेंट्स या अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथातील तरुण आज दोन वर्षांसाठी आणि तरुणी दीड वर्षासाठी धर्मप्रचाराला जातात. जाण्याची तयारी कसून होते. परकी भाषा शिकण्यासाठी युटामधील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात कित्येक आठवडे घालवावे लागतात. परतल्यावर मात्र स्थानिक धर्माधिकारी, म्हणजे स्टेक प्रेसिडेंट, एका छोट्या भेटीत सेवामुक्त करतात, छातीवरची काळी नामपट्टी उतरते आणि पुढच्या एखाद्या रविवारी सभेत अनुभव सांगितला की विषय संपतो. घरी परतणे ही वेगळी तयारी मागणारी गोष्ट आहे, असे या परंपरेला फार काळ वाटलेच नाही, आणि त्याचे कारण तिच्या इतिहासात आहे.

पंथाची स्थापना १८३० मध्ये झाली. पहिल्या पिढीचे प्रचारक बहुतेक विवाहित, घरसंसार मागे ठेवून निघालेले असत, आणि मुदत ठरलेली नसे. १८३९ मध्ये पंथाचे एक प्रमुख नेते ब्रिगॅम यंग आजारी अवस्थेतच इंग्लंडकडे निघाले. जुलै १८४१ मध्ये ते इलिनॉय राज्यातील नॉव्हू या पंथाच्या तेव्हाच्या मुख्य गावी परतल्यावर, पूर्वीप्रमाणे कुटुंब सोडून जाण्याची त्यांना आता गरज नाही, असा साक्षात्कार पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी जाहीर केला. परतलेल्या माणसाला उद्देशून काही सांगितले गेल्याचे हे एक जुने उदाहरण. त्यातही भर आहे तो कुटुंबाकडे लक्ष देण्यावर.

ॲडिसन प्रॅट या प्रचारकाची हकीकत याहून बोलकी आहे. १८४३ मध्ये पत्नी लुइझा आणि चार मुलींना नॉव्हूत ठेवून ते दक्षिण पॅसिफिकमधील बेटांवर गेले. दरम्यान पंथाला नॉव्हू सोडावे लागले. सप्टेंबर १८४८ मध्ये, पाच वर्षांहून अधिक काळानंतर, ते युटामधील ज्या सॉल्ट लेक खोऱ्यात ‘घरी’ पोचले तिथे ते निघाले तेव्हा पंथाची वस्तीच नव्हती, आणि त्यांचे कुटुंबही जेमतेम आठवडाभर आधी तिथे आले होते. पुढच्याच वर्षी ते पुन्हा बेटांकडे निघाले.

विश्रांतीला जागा नव्हतीच. ४ ऑक्टोबर १८५६ रोजी युरोपातून परतलेल्या प्रचारकांच्या तुकडीने सॉल्ट लेक सिटीत बातमी आणली, की हातगाड्या ओढत येणारे पंथाचे स्थलांतरित अजून मैदानी प्रदेशातच आहेत आणि हिवाळा तोंडावर आला आहे. लगेच मदतपथक निघाले. त्याचे प्रमुख जॉर्ज ग्रँट त्याच तुकडीतून तीन दिवसांपूर्वी घरी आले होते.

१८६९ मध्ये रेल्वेमार्ग पूर्ण झाल्यावर प्रवास सोपा झाला, पण खरा बदल वयाचा होता. १८९८ मध्ये आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या अविवाहित तरुणी अधिकृत प्रचारक म्हणून इंग्लंडला गेल्या. विसाव्या शतकात प्रचारक म्हणजे अविवाहित तरुण हेच समीकरण रूढ झाले. मुलांसाठीची किमान वयोमर्यादा १९६० मध्ये एकोणीसवर आणि २०१२ मध्ये अठरावर आली. प्रॅट यांच्यापुढे परतल्यावर बायकोमुलींचा संसार होता. आजचा विशीतला मुलगा आईवडिलांच्या घरी परततो तेव्हा शिक्षण, नोकरी, लग्न सारेच अनिश्चित असते, आणि दिवसाचा प्रत्येक तास आखून देणारे वेळापत्रक एका संध्याकाळीत नाहीसे झालेले असते. त्यात २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाच्या सुमारास, असल्यामुळे घरात काय बदलले आहे हेही पुष्कळदा परतल्यावरच नीट कळे.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे हजारो प्रचारकांना अचानक मायदेशी बोलावण्यात आले. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर फलक घेऊन स्वागताला येण्याची कुटुंबांची प्रथा इतकी घट्ट होती, की अंतर राखण्याच्या सूचना असूनही वाहनतळात गर्दी झाली. परतलेल्यांना चौदा दिवस वेगळे राहावे लागले. मुदत संपत आलेल्यांना लवकर मुक्त करण्यात आले; बाकीच्यांना परिस्थिती अनुकूल होताच पुन्हा सेवेवर जायचे की ती पुढे ढकलायची, हे ठरवायला सांगण्यात आले.