तानाजी मालुसरे पुण्यतिथी (सिंहगड)

सुभेदार तानाजी मालुसरे आणि त्यांच्यासोबत कोंढाण्यावर (म्हणजेच सिंहगडावर) पडलेले मावळे यांच्या स्मरणार्थ पुण्याच्या नैऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवरील सिंहगडावर दरवर्षी होणारा मानवंदनेचा कार्यक्रम. तिथी माघ वद्य नवमी. दासनवमीही त्याच दिवशी येते. तारीख धरणारे ४ फेब्रुवारीला गडावर जातात.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कोंढाणा होता. तो १६७० मध्ये तानाजींनी रात्रीच्या छाप्यात परत घेतला. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीनुसार त्यांच्याबरोबर ५०० माणूस होते. किल्लेदार उदेभान राठोडाशी झुंजताना तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही तिथेच पडले. मग तानाजींचे भाऊ सूर्याजी मालुसरे यांनी माणसे सावरून गड घेतला आणि गडावरचा जाळ महाराजांनी राजगडावरून पाहिला. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा मात्र पोवाड्यातून रुजली. गडाला ‘सिंहगड’ हे नावही तानाजींच्या मृत्यूनंतर पडले असे सर्रास सांगतात, पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ते आलेले आहे. त्याने तानाजींचे मोल कणभरही कमी होत नाही.

मानवंदनेला येणाऱ्यांत मावळ्यांच्या वेशातले तरुण-तरुणी असतात. आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढायचा, अमृतेश्वराच्या देवळामागे वरच्या अंगाला असलेल्या समाधीला फुले वाहायची, तुतारी, पोवाडा, मग मर्दानी खेळ, असा साधारण क्रम. शस्त्रांत ढाल-तलवार, विटा (दोरी बांधलेला फेकायचा भाला) आणि दांडपट्टा. पट्ट्याला कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा असतो. त्यात हात घालून आतली आडवी मूठ धरली की मनगट जखडते आणि लवलवते पाते सगळे खांद्यातून फिरवावे लागते. जमिनीवर ठेवलेले लिंबू त्या पात्याने नेमके कापायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. ढाल तुटण्याचा प्रसंग करून दाखवताना लढणारा कमरेचा शेला सोडून डाव्या हाताला गुंडाळतो. त्या वेळी अंगावर काटा येतो.

वेशाबद्दल एक सांगायलाच हवे. चकचकीत सॅटिनचे अंगरखे आणि तयार फेटे दिसायला छान, पण मावळा हा डोंगरातला शेतकरी होता. जाडेभरडे सुती कापड, मुंडासे, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी, हेच त्याला शोभते. अभ्यास करून असा वेश शिवून घेणारे गट आहेत आणि त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. पोवाड्यात तानाजी, सूर्याजी, शेलारमामा यांची नावे येतात. कडा चढलेल्या बाकी बहुतेकांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. वेश चढवून समाधीपुढे उभा राहणारा प्रत्येक जण त्यांच्यापैकी एकाची जागा भरत असतो.

कल्याण दरवाजाच्या मागच्या टेकडीवर एक चौकोनी दगड आहे. तो उदेभानाचे स्मारक मानला जातो. मानवंदनेच्या दिवशी दोन फुले तिथेही वाहावीत.