फ्रुक्टोज-1-फॉस्फेट: यकृतातले आणि जिवाणूतले

प्राण्याच्या यकृतपेशीत शिरलेले फ्रुक्टोज (फळांत आढळणारी साखर) आणि ई. कोलायसारख्या जिवाणूने आत घेतलेले फ्रुक्टोज या दोहोंचे पहिले रूपांतर एकाच रेणूत होते, तो म्हणजे फ्रुक्टोज-1-फॉस्फेट. शिवाय दोन्हीकडे पुढची वाट ग्लायकोलिसिसच्या (साखर तोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेच्या) मुख्य नाक्याला, म्हणजे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला), टाळून जाते. एवढे साम्य दिसले की फ्रुक्टोज यकृतावर जो परिणाम करते तोच जिवाणूवरही करत असणार, असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात यकृतातली वाट नियंत्रणाला चुकवून जाते, तर जिवाणूतली वाट स्वतःचे नियंत्रण सोबत घेऊन येते.

आधी यकृत पाहू. ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसते, त्याचे फ्रुक्टोज-6-फॉस्फेट होते आणि मग ते फॉस्फोफ्रुक्टोकायनेजसमोर येते. पेशीत एटीपी (ऊर्जा वाहून नेणारा रेणू) आणि सायट्रेट (ऊर्जानिर्मितीतला एक मधला रेणू) पुरेसे असतील, तर हे विकर मंदावते. फ्रुक्टोजच्या बाबतीत यकृतातले फ्रुक्टोकायनेज पहिल्याच कार्बनवर फॉस्फेट बसवते, अल्डोलेज-बी त्या रेणूचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे करते आणि ते तुकडे नाक्याच्या पलीकडे ग्लायकोलिसिसमध्ये मिसळतात. फ्रुक्टोकायनेज अतिशय वेगवान असून तयार झालेले फ्रुक्टोज-1-फॉस्फेट त्याला फारसे आवरत नाही. त्यामुळे फ्रुक्टोज एकदम मोठ्या प्रमाणात आले, तर एटीपी झपाट्याने खर्च होते, पेशीतले मुक्त फॉस्फेट अडकून पडते, एटीपी खर्चून उरलेल्या एएमपी या रेणूचे विघटन सुरू होते आणि त्यातून युरिक आम्ल वाढते. तीन कार्बनांच्या तुकड्यांपासून ग्लुकोज, ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठवलेला प्रकार) आणि लॅक्टेट बनते, तर काही भाग मेदाकडे वळतो. मात्र येथे प्रमाण महत्त्वाचे आहे: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की थोडे फ्रुक्टोज लहान आतडेच बरेचसे पचवून टाकते आणि मात्रा वाढल्यावर जादा भाग यकृताकडे जातो.

जिवाणूत फॉस्फेट बसण्याची क्रिया आणि आत घेण्याची क्रिया वेगवेगळ्या नाहीत. 1964 मध्ये सॉल रोझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलेल्या फॉस्फोट्रान्सफरेज यंत्रणेत फ्रुक्टोज पेशीपटल ओलांडतानाच त्यावर फॉस्फेट बसते, आणि ते फॉस्फेट एटीपीकडून नव्हे तर फॉस्फोइनॉलपायरुव्हेटकडून येते. पुढे फ्रुक-के हे विकर एक एटीपी खर्चून त्याचे फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट करते. हिशेबाने पाहिले तर एकूण ऊर्जाखर्च यकृताइतकाच आहे. पण फॉस्फोइनॉलपायरुव्हेट हे ग्लायकोलिसिसच्याच शेवटच्या टप्प्यांत तयार होते, म्हणून पुढचा प्रवाह थंडावला की फ्रुक्टोजची आवकही थंडावते. शिवाय या वाटेची विकरे जिवाणू सदैव भरपूर बनवून ठेवत नाही, आणि ग्लुकोज उपलब्ध असेल तर आधी तेच वापरतो. यकृताला नेमकी हीच जोडणी लाभलेली नाही, आणि माझ्या मते दोन्ही वाटांमधला खरा फरक येथेच आहे.

संदेशवाहक म्हणून मात्र फ्रुक्टोज-1-फॉस्फेट हा रेणू दोन्हीकडे काम करतो. ई. कोलायमध्ये तो क्रा नावाच्या नियामक प्रथिनाला चिकटून त्याला डीएनएवरून दूर करतो आणि फ्रुक्टोजच्या वाटेची जनुके जागी होतात. यकृतात तो ग्लुकोकायनेजला (ग्लुकोजवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराला) केंद्रकात अडकवून ठेवणाऱ्या प्रथिनाची पकड सैल करतो, त्यामुळे ग्लुकोजही वेगाने वापरले जाऊ लागते. ही दोन प्रथिने वेगवेगळ्या कुळांतली आहेत.

साठा झाला तर दोन्हीकडे हाच रेणू घातक ठरतो, हे सर्वांत बोलके साम्य आहे. अल्डोलेज-बी जन्मतः सदोष असलेल्या माणसात फ्रुक्टोज-1-फॉस्फेट साचते, ग्लायकोजेनमधून ग्लुकोज सुटण्याची क्रिया अडते आणि रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उलट फ्रुक्टोकायनेजच नसलेल्या माणसाला विशेष त्रास होत नाही. न वापरलेले फ्रुक्टोज काही प्रमाणात लघवीवाटे निघून जाते. म्हणजे इजा फ्रुक्टोज करत नाही, त्याचा फॉस्फेटधारी अवतार करतो. फ्रुक-के नसलेल्या ई. कोलायला फ्रुक्टोज दिले तर दुसरे अन्न असूनही त्याची वाढ खुंटते. पण फ्रुक्टोज आत आणणारी यंत्रणाही निकामी असेल, तर तो त्या दुसऱ्या अन्नावर बिनघोर वाढतो.

नाका चुकवणे दरवेळी हानीकारकच असते असेही नाही. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा नेकेड मोल-रॅट हा प्राणी ऑक्सिजनविना सुमारे 18 मिनिटे तग धरतो, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्या काळात त्याचा मेंदू आणि हृदय फ्रुक्टोज वापरतात. ऑक्सिजन संपल्यावर पेशीतली आम्लता वाढून फॉस्फोफ्रुक्टोकायनेज मंदावते, आणि तेव्हा त्याला टाळून जाणारी वाटच जीव वाचवते.

जिवाणूंबद्दल वर लिहिलेले सगळ्या जिवाणूंना लागू करणेही योग्य नाही. अनेक जिवाणूंत फ्रुक्टोकायनेज या नावाचे विकर पहिल्या नव्हे तर सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसवते, म्हणजे ते यकृतातल्या फ्रुक्टोकायनेजचे काम करत नाही. स्यूडोमोनासच्या अनेक प्रजातींत नेहमीचे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज मुळातच नसते, त्यामुळे तेथे टाळण्यासारखा नाकाच उरत नाही. आणि फुलांवर, फळांवर आढळणारा फ्रुक्टोबॅसिलस काही फ्रुक्टोजचे मॅनिटॉल (एक साखर-अल्कोहोल) करून टाकतो. ग्लुकोज वापरताना साचलेले इलेक्ट्रॉन उतरवण्यासाठी त्याला एखादा ग्राहक लागतो आणि फ्रुक्टोज ती गरज भागवते. ऑक्सिजन किंवा फ्रुक्टोज नसेल तर केवळ ग्लुकोजवर तो अगदी मंद वाढतो. मॅनिटॉलकडे वळलेल्या त्या फ्रुक्टोजवर फॉस्फेट बसतच नाही.