एक थेंबही जास्तच होतो

धणे भरडताना दरवळणारा वास बराचसा लिनालूल या एकाच रेणूचा असतो. हाच लिनालूल हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, तेलातही सापडतो. बेल्जियममधल्या गव्हाच्या पांढरट बिअरमध्ये संत्र्याच्या सालीबरोबर धणे घालायची रीत आहे, ती काही उगाच नाही. होगार्डन गावची ही बिअर बंद पडली होती. पीएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1960च्या दशकात ती पुन्हा सुरू केली, धण्यांसकट.

लिनालूल, गवती चहातला सिट्रल, संत्र्याच्या सालीतला लिमोनीन, मिऱ्यातला कॅरिओफिलीन, हापूसमधला ओसिमीन, ही सगळी मंडळी टर्पीन या वनस्पतींच्या वासाच्या रेणूंच्या घराण्यातली. अमेरिकेत 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला करमाफी मिळाली आणि स्वयंपाकघरात बिअर बनवणारे वाढले. आता त्यांना वनस्पतींमधून काढलेल्या टर्पिनांच्या छोट्या बाटल्याही मिळतात. (आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हाच आहे.)

चार लिटरच्या बरणीत या बाटलीतला एक थेंब टाकला तर काय होईल? तेलाचा थेंब साधारण 20 मिलिग्रॅमचा धरा. म्हणजे लिटरमागे 5 मिलिग्रॅम. सरावलेल्या नाकाला लिनालूलचे लिटरमागे दहा-वीस मायक्रोग्रॅमही कळतात. थोडक्यात, एका थेंबातच मात्रा शेकडो पट झाली आणि बिअरला साबणाचा वास आला! मोठ्या कारखान्यात तराजू असतो, मोठी टाकी असते, थोडे इकडे-तिकडे झाले तरी चालते. छोट्या बरणीत ती सवलत नाही.

म्हणून आधी पातळ करायचे. शुद्ध लिनालूल असेल तर 1 मिलिलिटर घेऊन खाण्यायोग्य, तीव्र आणि बिनवासाच्या अल्कोहोलने 100 मिलिलिटर करायचे. त्यातले 1 मिलिलिटर घेऊन पुन्हा तसेच. तयार बिअरचे 200 मिलिलिटरचे चार पेले भरायचे आणि इंजेक्शनच्या सिरिंजने या दुसऱ्या द्रावणाचे 0.1, 0.2, 0.4 आणि 0.8 मिलिलिटर एकेका पेल्यात सोडायचे. हुंगायचे, चाखायचे. 0.4 आवडले तर चार लिटरला वीसपट, म्हणजे 8 मिलिलिटर. पाण्यात घालून ढवळायचा मोह टाळावा, तेल वर तरंगत राहते. भांडी काचेचीच हवीत. लिमोनीन तर थर्मोकोलही विरघळवतो.

आता खरी गंमत यीस्टची. टर्पिने आंबवण्याआधी घातली की यीस्ट त्यांना जसेच्या तसे ठेवत नाही. जेरॅनिऑल गुलाबाच्या वासाचा. यीस्ट त्याचे सिट्रोनेलॉल करते आणि वास लिंबाकडे झुकतो. मिरसीन आणि लिमोनीन या टर्पिनांत नुसता कार्बन आणि हायड्रोजन, त्यामुळे ते पाण्याशी फटकून वागतात. वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा धान्याचा गोड काढा, उकळताना वाफेबरोबर आणि पुढे कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर बरेचसे निघून जातात. लिनालूलमध्ये ऑक्सिजन असल्याने तो त्यांच्यापेक्षा जास्त टिकतो. एकच मिश्रण सुरुवातीला घातले आणि आंबणे संपल्यावर घातले तर दोन वेगळ्या बिअर हाती येतात. माझे मत विचाराल तर नवख्याने शेवटीच घालावे; निदान जे घातले तेच पेल्यात येते.

यीस्टलाच टर्पिने बनवायला लावले तर? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली तेच केले. पुदिना आणि तुळशीच्या कुळातल्या बेसिलची जनुके बिअरच्या यीस्टमध्ये घालून त्यांनी लिनालूल आणि जेरॅनिऑल तयार करवले. लागुनितास ब्रूअरीतल्या चाखणाऱ्यांना ती बिअर शेवटी हॉप्स घातलेल्या बिअरपेक्षाही जास्त हॉप्सची वाटली. तरी बाटलीतली दहा-बारा टर्पिने म्हणजे हॉप्स नव्हेत. हॉप्सच्या तेलात शेकडो रेणू असतात, शिवाय गंधकाची संयुगे नॅनोग्रॅममध्येच आपले अस्तित्व दाखवतात. मिश्रणाची बिअर मला म्हणूनच अनेकदा एकसुरी लागते. एखादाच सूर हवा असेल, उदाहरणार्थ संत्र्याची साल, तिथे मात्र ते छान जमते.

बाटली भरल्यावरही नुकसान थांबत नाही. धातूच्या टोपणाच्या आतले प्लास्टिकचे अस्तर मिरसीनसारखी तेलकट टर्पिने शोषून घेते. लिमोनीनला हवा लागली की त्याचा ताजा वास जाऊन रंगाच्या थिनरचा वास येतो. उघडलेली टर्पिनांची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, आणि वर्षभरापूर्वीची असेल तर आधी हुंगून पाहावी.