ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं लाल तेल नेमकं काय करतं?

इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलायची सवय बहुतेक गाडीवाल्यांना असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाची, म्हणजे एटीएफची, आठवण मात्र गाडी झटके मारायला लागल्यावरच होते. त्यात दोष सगळा मालकांचा नाही. अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेलं असतं असंच छापलेलं आहे. उलट, अनेक नामांकित गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनंतर तेल बदलायला सांगते. माझं स्पष्ट मत आहे की इथे गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकावं. का, ते या तेलावर किती कामं लादलेली आहेत हे पाहिलं की पटतं.

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी क्लच प्लेट असते. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल भिरकावतं, ते तेल समोरच्या दुसऱ्या चाकावर आदळून त्याला फिरवतं, आणि मधलं तिसरं चाक परतणाऱ्या तेलाची दिशा अशी वळवतं की गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), साधारण दुपटीपर्यंत वाढतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. गाडी सिग्नलवर गिअरमध्ये उभी असते आणि तरी इंजिन बंद पडत नाही, ते याच तेलामुळे. त्या वेळी दोन्ही चाकांमध्ये धातूचा सांधा नसतो, फक्त तेल असतं.

पुढे गिअर बदलायचं कामही तेलच करतं. पंप त्याला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या, झडपा बसवलेल्या भागातल्या बारीक वाटांमधून हा दाब हव्या त्या क्लचपर्यंत पोचतो आणि त्याच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. शिवाय गिअर आणि बेअरिंगना वंगण हवं, आणि तयार झालेली उष्णता कूलरपर्यंत वाहून न्यायची.

पण सगळ्यात नाजूक काम वेगळंच आहे: घर्षण सांभाळणं. या गिअरबॉक्समधले क्लच तेलात बुडालेले असतात. कागदासारख्या तंतूंचं अस्तर लावलेल्या चकत्या आणि पोलादी चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. तेल फारच निसरडं असेल तर क्लच घसरत राहील आणि जळेल. घर्षण जास्त असेल तर गिअर धाडकन पडेल. त्याहून अवघड गोष्ट अशी की चकत्या थांबत येतात त्या क्षणी घर्षण वाढता कामा नये. तसं झालं तर चकती अडकते, सुटते, पुन्हा अडकते. गंजलेल्या बिजागरीचं दार उघडताना ते थरथरत करकरतं, तोच प्रकार. गाडीत तो मध्यम वेगात, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना जाणवतो, खडबडीत पट्ट्यांवरून चाललो आहोत असं वाटतं. हे टाळण्यासाठी तेलात खास रसायनं घातलेली असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक धातूला चिकटतं आणि लांब शेपटी तेलात राहते. तेलाचा थर पातळ होतो तेव्हा हे शेपट्यांचं आवरणच चकत्यांना एकदम अडकू देत नाही.

एकेकाळी हे काम स्पर्म व्हेल या देवमाशापासून मिळणारं तेल करत असे. जनरल मोटर्सनं १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये हायड्रा-मॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या एटीएफमध्ये हे तेल घातलं जात राहिलं. १९७० मध्ये तिथे धोक्यातल्या प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्यानं व्हेलची उत्पादनं थांबली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. ते सोपं नव्हतं. आधीच्या एका पर्यायानं कूलरमधले धातूचे सांधेच गंजवले, मग त्यात गंजरोधक मिसळावं लागलं. देवमासे वाचले पाहिजेत यात शंका नाही, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत घडलेल्या या रेणूंचं मोल मला फार वाटतं.

नेमकी हीच रसायनं झिजतात. गिअरबॉक्समधलं तेल नेहमीच्या चालण्यात ८० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, म्हणजे सतत थांबत-निघत चालणारी किंवा चढणीवर ओझं ओढणारी गाडी आपलं तेल मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीपेक्षा खूपच लवकर म्हातारं करते. ऑक्सिजनशी संयोग होऊन आम्ल आणि चिकट राळ तयार होते. तेल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून घातलेले लांब पॉलिमर गिअरच्या दातांमध्ये तुटतात. क्लचच्या अस्तराची भुकटी मिसळत राहते. किलोमीटरचा आकडा म्हणून अंदाजापुरताच.

रंग पाहून निकाल देऊ नका. लाल रंग हा गळती ओळखता यावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, आणि तेल चांगलं असतानाही तो काळवंडू शकतो. जळका वास मात्र गंभीर समजावा.

कोणतं तेल भरायचं, यात हयगय नको. पूर्वी फोर्डच्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण कमी करणारी रसायनं नव्हती, जनरल मोटर्सच्या ‘डेक्सरॉन’मध्ये होती. दोन्ही लालच. एकाच्या जागी दुसरं घातलं की गिअर पडण्याची तऱ्हाच बदलायची. आज हा फरक अधिक बारीक आहे. ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये पोलादी पट्टा पुलीला घर्षणानंच पकडतो, त्याला साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात. दोन क्लच असलेल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं तेल आणखी निराळं, आणि एएमटी म्हणजे मुळात यंत्रानं आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्सच असल्यानं तिथे गिअर ऑइल लागतं. माहितीपुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच आणा. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेल्या डब्यावर मी तरी विसंबणार नाही.

आता घरी बदलण्याबद्दल. गाडी सपाट जागी, भक्कम स्टँडवर, चारही बाजूंनी समपातळीत हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. तेल कोमट असावं, उकळतं नको. आणि खालच्या, तेल सोडायच्या ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी तेल भरायचा बोल्ट उघडतो का ते पाहा. तो गंजून अडकलेला निघाला आणि खालून तेल आधीच सोडलेलं असलं, तर गाडी तिथून हलवता येत नाही.

निघालेलं तेल मोजून ठेवा, कारण साधारण तेवढंच परत जायचं आहे. ऑइल पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं पसरट भांडं, उतरवला तर आतल्या लोहचुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ दिसेल. तो नेहमीच्या झिजेचा. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा तुकडे निघाले तर नवं तेल भरून काही साधणार नाही, गिअरबॉक्स उघडून पाहावा लागेल. फिल्टर बदलता येण्याजोगा असेल तर तो, पॅनचं गॅस्केट आणि बोल्टचे वॉशर नवे घाला.

खालून सोडल्यावर बऱ्याचदा निम्म्याहून कमीच तेल बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि वाटांमध्ये अडकून राहतं. समजा एका वेळी ४० टक्के बदललं, तर जुनं ६० टक्के उरतं. मध्ये थोडी गाडी चालवून पुन्हा बदललं तर ३६ टक्के, तिसऱ्यांदा साधारण २२. यंत्रानं एकदम सगळं तेल बदलण्यापेक्षा घरी ही सावकाश पद्धतच बरी.

‘जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो’ हे तुम्ही ऐकलंच असेल. बरेचदा तेल बदलायला लोक गिअर घसरू लागल्यावरच येतात. क्लचचं अस्तर तोवर संपलेलं असतं आणि नंतर दोष येतो नव्या तेलावर. गिअर आधीच घसरत असेल, तर घरी हात घालण्याआधी चांगल्या मेकॅनिककडून तपासून घ्या.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पातळी मोजताना. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ८ लिटर तेल ६० अंशांनी तापलं तर जवळपास एक तृतीयांश लिटर वाढ झाली. म्हणून पातळी ठरावीक तापमानालाच पाहायची असते. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या गिअरमधून काही सेकंद फिरवायचा, गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहायचं आणि पुस्तिकेत दिलेल्या अंशाला, बरेचदा ३५ ते ४५च्या दरम्यान, पातळीचा बोल्ट उघडायचा. जादा तेल बारीक धारेनं ओघळतं, धार थेंबांवर आली की बोल्ट बंद. तेल जास्त राहिलं तर फिरणारे गिअर ते घुसळून फेस करतात, आणि कमी पडलं तर पंप हवा ओढतो. दोन्ही वेळी तेलात हवा मिसळते, हवा दाबली जाते, आणि क्लचला पुरेसा दाब मिळत नाही.

निघालेलं तेल झाकण लागणाऱ्या डब्यात भरून वापरलेलं तेल स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. ते शुद्ध करून पुन्हा वंगण बनवता येतं. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मात्र मिसळू देऊ नका, तसं तेल शुद्ध करणं फार कठीण होतं.