मशीहाच्या पदव्या

ख्रिस्ती शिकवणीत येशूला ख्रिस्त, दावीदपुत्र, मनुष्याचा पुत्र, देवाचा पुत्र, देवाचा कोकरा, प्रमुख याजक, प्रभू अशा अनेक पदव्या आहेत. भजनात त्या एका दमात म्हटल्या जातात, त्यामुळे त्या एकाच अर्थाच्या वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकीमागे इस्राएलच्या इतिहासातले एक निराळे काम उभे आहे.

मशीहा किंवा ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. शमुवेल संदेष्ट्याने शौल आणि दावीद या राजांच्या डोक्यावर तेल ओतले, तसाच अहरोनाचा याजक म्हणून अभिषेक झाला. यशयाच्या ग्रंथात तर इराणचा बादशहा कोरेश यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे, आणि तो यहुदीही नव्हता. म्हणजे मुळात हे नेमून दिलेले पद होते. रोमन अमलात दावीदाच्या वंशातला राजा येऊन परकी सत्ता उलथवील ही आशा बळावली, आणि या पदाला राजकारणाची धार आली.

ही आशा ठाण्याला परकी नाही. टेंभी नाक्यावरचे १८७९ चे शाआर हाशामाइम सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांचे आहे, आणि यहुदी श्रद्धेनुसार मशीहा अजून यायचा आहे. बेने इस्राएल घरांत मलिदा हा विधी होतो तेव्हा गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, स्मरण करतात. मशीहाच्या आधी हाच संदेष्टा येणार, असे मलाखीच्या ग्रंथावरून मानले जाते. सिनेगॉगपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, तलावपाळीजवळ, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. ज्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने ते आहे, त्याच्याविषयी मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की येणारा एलिया तो हाच. ख्रिस्ती आणि यहुदी समजुतीतला सगळा फरक या दोन वास्तूंमध्ये मावतो: एकीकडे अग्रदूताची वाट पाहिली जाते, दुसरीकडे तो येऊन गेला.

येशू स्वतः मात्र मशीहा हे पद जपूनच घेतो. फिलिप्पाच्या कैसरिया या ठिकाणी शिष्य पेत्राने त्याला ख्रिस्त म्हटले, तेव्हा मार्काच्या वृत्तांतानुसार त्याने शिष्यांना हे कोणाला सांगू नका अशी ताकीद दिली. १९०१ मध्ये जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे याने हे गुपित मार्काच्या मांडणीचा भाग असल्याचे मत मांडले. त्यावर वाद अजून मिटलेला नाही. त्या काळी राजा म्हणवून घेणे म्हणजे रोमशी बंड, हे साधे कारणही विसरू नये. स्वतःसाठी येशू बहुधा ‘मनुष्याचा पुत्र’ हेच शब्द वापरतो. ते नम्र वाटतात, पण दानिएलाच्या दृष्टान्तात मनुष्यपुत्रासारखा कोणी आकाशातील मेघांसह येतो आणि त्याला अक्षय राज्य मिळते. दावीदपुत्र म्हणून हाक मारणारे लोक वेगळे: यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय त्यांपैकी एक. यहुद्यांचा राजा ही पाटी तर रोमन सुभेदार पिलाताने इब्री, लॅटिन आणि ग्रीक भाषांत क्रुसावर लावली. त्याने आरोप म्हणून लिहिले तेच श्रद्धावंत खरे म्हणून वाचतात.

कोकरा आणि याजक या पदव्या यरुशलेमच्या मंदिरातल्या आहेत. वल्हांडण या यहुदी सणाचा कोकरा आणि यशयाच्या ५३ व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक यांचा संबंध ख्रिस्ती परंपरा येशूशी जोडते. मिस्सा या कॅथलिक उपासनेत ख्रिस्तप्रसाद देण्यापूर्वी धर्मगुरू भाकर उंचावून देवाचा कोकरा पाहा असे म्हणतात. ते उद्गार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. याजकपदात मात्र अडचण होती. येशू यहूदाच्या वंशातला, आणि याजक लेवीच्या वंशातले. इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने मलकीसदेक या लेवीपूर्व याजकाचा आधार घेऊन ती सोडवली आणि अर्पण करणारा व अर्पण एकच ठरवले. नव्या करारातला हा सर्वांत धाडसी युक्तिवाद म्हणावा लागेल.

संदेष्टा, याजक, राजा ही त्रिविध कार्यांची मांडणी चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियस याच्याकडे दिसते. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने ती पद्धतशीर केली. रोमन कॅथलिक बाप्तिस्म्यात बाळाच्या डोक्याला पवित्र तेल लावताना हीच तीन कामे उच्चारतात, म्हणजे त्यांत त्या बाळाचाही वाटा. शिकवायला मांडणी सोयीची, पण कोकरा आणि मनुष्याचा पुत्र तिच्यात नीट बसत नाहीत.

देवाचा पुत्र ही पदवी दुसऱ्या स्तोत्रात राजाला लागते. पुढे निकिया (३२५) आणि खाल्सेदोन (४५१) येथील धर्मपरिषदांनी तिला ईश्वरत्वाचा नेमका अर्थ दिला. तो अर्थ ठाण्यातही एकदा जिवावर बेतला: १३२१ मध्ये येथे मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंविषयी प्रवासी ओदोरिक लिहितो, की ख्रिस्त केवळ माणूस की देव यावर काझीसमोर वाद झाला होता.

आज नवी मुंबईतल्या सिरो-मलबार, म्हणजे सुरियानी परंपरेच्या केरळी कॅथलिक, कुटुंबांत ईशो मिशिहाची स्तुती असो असे अभिवादन केले जाते. सुरियानी वळणाचा हा शब्द ‘मशीहा’ला ‘ख्रिस्त’पेक्षा जवळचा आहे. मराठी ख्रिस्ती भक्तीने यादीत आपली भर घातली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वारकरी वळणाच्या अभंगांतून ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून हाक मारली. धर्मपरिषदांच्या यादीत माउली नाही, परंतु मत्तयाच्या २३ व्या अध्यायात येशू यरुशलेमला म्हणतो, की कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसे तुझ्या मुलांना एकत्र करण्याची माझी किती इच्छा होती.