स्टेरॉइडजन्य अस्थिसुषिरता

दमा, आमवात, ल्यूपस, पेम्फिगस अशा विकारांत प्रेडनिसोलोनसारखी कॉर्टिकोस्टेरॉइडे तीन महिने वा अधिक काळ पोटातून घेतल्यास हाडे विरळ व ठिसूळ होऊ लागतात. या अवस्थेस स्टेरॉइडजन्य अस्थिसुषिरता म्हणतात. औषधांमुळे होणाऱ्या अस्थिसुषिरतेचा हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय.

हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने बांधले जात असते. स्टेरॉइडमुळे हाड बांधणाऱ्या पेशी घटतात, झिजवणाऱ्या पेशी मात्र जास्त काळ तग धरतात. शिवाय आतड्यात कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे अधिक जाते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, आणि मणके व बरगड्यांतील जाळीदार हाडाला ती आधी गाठते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत ती उतरलेली दिसण्यापूर्वीच हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे केवळ चाचणीच्या आकड्यावर विसंबता येत नाही. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागासारख्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या पट्ट्यांत, हा आकडा आणखी फसवा ठरू शकतो. कारण फ्लोरोसिसमध्ये, म्हणजे शरीरात फ्लोराइड साचून होणाऱ्या विकारात, हाड घट्ट दिसते, पण भक्कम असतेच असे नाही.

उसाची मोळी किंवा पाण्याचा हंडा उचलताना पाठीत कळ आली की ‘उसण भरली’ म्हणून शेक दिला जातो, आणि दबून मोडलेला मणका त्याआड लपतो. पुष्कळदा दुखतही नाही. नेहमीचे लुगडे पायात घोळू लागल्यावरच उंची घटल्याचे ध्यानात येते. वातावरच्या व दम्याच्या काही पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळलेली असल्याने, ‘मी स्टेरॉइड कधी घेतले नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णालाही पुडीविषयी विचारणे आवश्यक असते.

प्रतिबंधाची सुरुवात स्टेरॉइडच्या पहिल्या चिठ्ठीबरोबरच व्हावी. मात्रा शक्य तितकी कमी ठेवतात. आहार व पूरक गोळ्या मिळून दररोज सुमारे 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जोडीला ड जीवनसत्त्व देतात. ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम थोडेच असते. दूध, दही, तीळ यांचा आधार मोठा. धोका जास्त असल्यास हाडांची झीज रोखणारे अ‍ॅलेंड्रोनेट देतात. ही गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड मात्र भीतीपोटी एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण तोवर शरीरातच स्टेरॉइड तयार करणाऱ्या, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे काम मंदावलेले असते.

मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटून तो मृत होणे, ही स्टेरॉइडची वेगळी गुंतागुंत आहे. तिची सुरुवात बहुधा जांघेतील दुखण्याने होते आणि पुढे मांडी घालून बसणे जड जाऊ लागते.